पहिलं चाडं

आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी पक्षकाराची खुर्ची उलटी केली. चारही पाय वर. सांधे निरखून पाहिले, एका पायावर बोटाच्या पेराने टकटक केलं, खुर्ची पुन्हा सरळ ठेवली आणि तिच्यावर न बसता खाली फरशीवर बसले.

"खुर्चीला काय झालं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"काई नाई जी. पाचर ढिली हाये. लाकूड तासाचा वाकस आणला असता तं आत्ताच बसवून देल्ली असती."

पक्षकार म्हणून माणूस आत येतो तो घाबरलेला तरी असतो नाही तर चिडलेला. हा माणूस खुर्चीची चौकशी करत होता. मी त्या वेळी यवतमाळला या वकीलसाहेबांकडे मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे वकिलाची अर्धी स्मरणशक्ती आणि पाऊण तंगडतोड. तारखा लक्षात ठेवायच्या, नकला मिळवायच्या, साक्षीदार गोळा करून आणायचे. शिवाय मला कायदा वकिलाहून जास्त कळतो असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी लपवत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा मुन्शी असेल.

त्यांना आम्ही नुसतं मिस्त्री म्हणायचो. घाटंजीकडच्या एका खेड्यातले सुतार. अंगाने काडी, पण मनगटं अशी की हात जोडले तरी पुढच्याला धाक वाटावा. त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक लांबलचक कागद काढला आणि वकीलसाहेबांपुढे ठेवला. "हे मले आलं. गावच्या मास्तरनं वाचून सांगतलं, पण त्यालेबी समजलं नाई."

कागद जिल्हा न्यायालयाचा होता. दूरच्या शहरातल्या एका कारखानदाराने मिस्त्रींवर दावा ठोकला होता. पेरणीच्या ज्या साधनाचं पेटंट सरकारने कारखान्याला दिलं आहे तेच साधन हा सुतार बिनपरवाना बनवतो, सबब त्याला कायमची मनाई करावी. नुकतंच महाराष्ट्र राज्य झालं होतं. यवतमाळच्या कोर्टात वहिवाटीचे, वाटणीचे, हाणामारीचे दावे ढिगाने चालत. पेटंटचा दावा मी जन्मात पाहिला नव्हता. वकीलसाहेबांनीही पाहिला नव्हता, पण त्यांनी चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही.

ते साधन काय होतं हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे कपाशी पेरायची म्हणजे सरकी पेरायची. सरकी हे हट्टी बी. अंगावर कापसाची लव राहते, त्यामुळे दाणे एकमेकांना धरून बसतात. शेणमातीत चोळून सुटे केले तरी तिफणीच्या चाड्यात अडकतात. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी, जिच्यातून बी नळ्यांत उतरतं. एका ठिकाणी दहा दाणे पडतात आणि पुढे चार हात जमीन कोरी. मिस्त्रींनी या चाड्याच्या तळाशी वीतभर लाकडी रूळ आडवा बसवला आणि त्याला खाचा पाडल्या. तिफण ओढली की मागच्या लहानशा चाकाची दोरी रूळ फिरवते आणि एकेक खाच दोन-दोन दाणे खाली सोडते. लोक त्याला फिरकीचं चाडं म्हणत. कारखान्याने हेच पत्र्यात केलं होतं आणि वर हिरवा रंग दिला होता.

"तुमचं चाडं कारखान्यापर्यंत पोचलं कसं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"घाटंजीच्या बजारात एक पाटलोणवाला आलता. त्यानं लय तारीफ केली. म्या म्हटलं, ने अन् चालवून पाय. नाई चाललं तं आणून दे."

"फुकट?"

"चालवून पाहाचे पैशे कायले घ्याचे जी?"

"मग त्याने आणून दिलं परत?"

"नाई न. म्हंजे चाललं असंन," मिस्त्री म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. समाधान होतं.

ही त्यांची रीतच होती. नवीन वस्तू केली की ती शेतकऱ्याला एक हंगाम वापरायला द्यायची. पसंत पडली तर पुढच्या खळ्यावर तो आपण होऊन सुपात धान्य घालेल. नाही पडली तर वस्तू परत येईल, तिच्यातली खोड सापडेल, आणि मिस्त्री पुन्हा तासायला बसतील. परत आलेल्या वस्तूवर त्यांचा जास्त जीव असे. वर शेजारच्या गावचा सुतार बघायला आला तर त्याला खाचा किती खोल पाडायच्या हेही ते खडूने आखून दाखवत. अशा माणसाकडून वस्तू चोरायची गरजच काय होती, हे मला आजवर कळलेलं नाही. मागितली असती तर कारखान्याला दहा बनवून दिली असती.

वकीलसाहेबांनी मुंबईहून कायद्याचं पुस्तक मागवलं. तोवर त्यांचा बेत साधा होता. खरा शोध मिस्त्रींचा, कारखान्याने तो पळवला, असं म्हणायचं. जबाबाचा मसुदा मी झोकात तयार केला. "प्रतिवादी हा सदर शोधाचा मूळ व खरा जनक असून" असं वाक्य होतं, अजून पाठ आहे. मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते मध्येच म्हणाले, "थांबा जी. हे खोटं हाये."

"खोटं काय?"

"आमच्या गावात एक आदिवासी कोलामीण बाई मजुरीले येते. तिच्या मुठीतून सरकी कधी जास्त पडत नाई. म्या चार दिवस तिच्या मांगंमांगं चालून तिचा अंगठा पाह्यला. बोटाच्या कडेवर अंगठा फिरवते अन् दोन दाणे सोडते. म्या तसाच रूळ फिरवला. शोध कायचा लावला म्या?"

"हे कोर्टात बोलू नका," मी म्हणालो.

"इचारलं तं सांगीन."

मला संताप आला. वकीलसाहेबांनी मात्र मिस्त्रींचं म्हणणं टिपून घेतलं. दोन दिवसांनी पुस्तक आलं, आणखी तीन दिवस ते त्यात बुडाले, आणि मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज ऐकूनच मला कळलं की दावा फिरला. म्हणाले, "मुन्शी, मसुदा फाडा. आपल्याला शोध मिस्त्रींचा आहे हे सिद्ध करायचंच नाही. कारखान्याने अर्ज केला त्या दिवसाआधी ही वस्तू लोक उघडपणे वापरत होते, एवढं दाखवलं की खेळ संपला. जे चारचौघांत आधीपासून वापरात आहे, त्यावर कुणालाच हक्क सांगता येत नाही."

"मग मिस्त्रींना स्वतःचं पेटंट?"

"ते त्यांनी पहिलं चाडं वापरायला दिलं त्याच दिवशी घालवलं." वकीलसाहेब हसले. "आणि आता तेच त्यांना वाचवणार."

हे मी मिस्त्रींना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे म्या सगळ्याईले वाटत बसलो ते बरंच झालं?" मी म्हटलं, कायद्याच्या एका बाजूने वाईट झालं आणि दुसऱ्या बाजूने बरं. त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी वाकस आणला होता. बोलता बोलता त्यांनी पक्षकाराच्या खुर्चीची पाचर बसवली आणि मग वकीलसाहेबांना उठवून त्यांचीही खुर्ची तपासली.

पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. मिस्त्रींनी फिरकीचं चाडं बनवायचं नाही, विकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. त्यात मृग तोंडावर आलेला. बेलिफ गावात जाऊन हुकूम बजावून आला आणि मला म्हणाला, "अजब माणूस आहे तुमचा. पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि अर्धवट तासलेले सगळे रूळ माझ्यापुढे आणून ठेवले. म्हणाला, घेऊन जा, समोर असले तं हात जाते."

त्या हंगामात गावोगावचे लोक मोडक्या फिरक्या घेऊन त्यांच्या अंगणात आले. मिस्त्री सगळ्यांना एकच सांगत, "कोर्टाची मनाई हाये." एकाने म्हटलं, "इथं कोण पाहून राह्यलं तुले?" मिस्त्री म्हणाले, "म्या पाहून राह्यलो न." तो माणूस शिव्या देत निघून गेला. मनाई म्हणजे काय, ती का असते, हे मी आयुष्यभर कागदावर वाचत आलो. पाळली जाताना पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

त्यांचं सगळं जगणंच पणाला लागलं होतं, हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. वखर, डवरे, बैलगाडीची चाकं ही कामं होतीच. पण फिरकी हे त्यांच्या हाताचं फळ होतं, आणि आता दुसराच कुणी सांगत होता की हे तू केलंस तर तो गुन्हा. दावा हरलो तर या माणसाला स्वतःच्या अंगणात स्वतःची वस्तू मरेपर्यंत करता येणार नव्हती. आणि त्यांच्यामागोमाग आमच्या भागातल्या सगळ्याच सुतारांवर नोटिसा निघणार होत्या.

साक्षीदारांची यादी करायला मी एसटीने घाटंजीला गेलो आणि तिथून पायी त्यांच्या गावी. मिस्त्री अंगणात निंबाखाली बसले होते. कोणाकोणाला चाडी दिली ते सांगा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. माणसं त्यांना लाकडावरून आठवत. "त्याचं बाभळीचं. त्याच्या भाच्याचं सागाचं, उजवीकडं गाठ होती, म्या म्हटलं होतं फुटंन, नाई फुटलं." मी लिहीत गेलो. तांड्यावरचे नायक, पलीकडच्या गावचे पाटील, बौद्ध वस्तीतले दोघे-तिघे. जवळपासच्यांना तिथेच बोलावून घेतलं, पण तारीख कोणालाच सांगता येत नव्हती. सगळे म्हणत, "नागपूरले दीक्षा झाली न, त्या वर्षीच्या मिरगात." आमच्या भागात ते वर्ष कोणी विसरणं शक्यच नव्हतं, आणि कारखान्याचा अर्ज त्यानंतरचा होता. म्हणजे आम्ही खरे होतो. पण समोरचा वकील म्हणणार, साक्षीदार सगळे याचेच गिऱ्हाईक, तोंडी सांगतात, कागद कुठे आहे?

"बरं, सगळ्यात पहिलं चाडं कोणाला दिलं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. निंबाकडे पाहिलं. "ते सोडा."

"सोडून कसं चालेल? पहिलंच महत्त्वाचं आहे."

"म्या शब्द देल्ला हाये. ते सोडा जी."

मी रागावलो, आर्जव केलं, कायदा सांगितला. मी बोलत होतो आणि ते माझ्यासाठी दही आणायला आत गेले.

परतताना माझ्याबरोबर एक म्हातारासा माणूस घाटंजीपर्यंत चालत आला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात तुटकी फिरकी. बौद्ध वस्तीतला होता. फिरकी दुरुस्त करायला आला होता आणि मिस्त्रींनी त्यालाही परत पाठवलं होतं. "मनाई कायची हाये, मुन्शीजी?" त्याने विचारलं. मला कुठलाही दावा पोटात ठेवता येत नाही, त्यामुळे वाटभर मी त्याला सगळं सांगितलं. एसटी दिसली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "पहिलं कोणाले देल्लं, ते त्यानं सांगतलं काय?"

"नाही सांगत. शब्द दिलाय म्हणतात."

"येतो म्या यवतमाळले," तो म्हणाला आणि मागे फिरला.

सोमवारी सकाळी तो आमच्या ओसरीवर हजर होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ. थोरल्याने जे सांगितलं ते असं. पहिलं चाडं मिस्त्रींनी या दोघांना दिलं होतं. तिफण एक, चाडं एक, आणि पाऊस पडून दोघांचीही वावरं एकाच दिवशी वाफशावर आलेली. आधी कोण पेरणार यावरून बोलाचाली झाली. धाकट्याने तिफणीवरचं चाडं उपसलं आणि थोरल्याच्या डोक्यात घातलं. डोकं फुटलं, पोलिसात गेलं, खटला झाला. त्यानंतर दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

"मंग दसऱ्याले आमची सगळी वस्ती नागपूरले निंघाली," थोरला म्हणाला. "आदल्या दिवशी मिस्त्री घरी आला. म्हणे, माह्या हातच्या लाकडानं भावाचं डोस्कं फुटलं, ते मले लागते. दीक्षेले जाता अन् भावाभावानं तोंड फिरवून जाता काय? मधात बसला. एका ताटात आमी तिघं जेवलो."

त्या काळी सुताराने त्या वस्तीत ताटाला ताट लावून नव्हे, एकाच ताटात जेवणं ही चार गावांत पोचणारी बातमी होती. मिस्त्रींच्या भावकीने त्यानंतर वर्षभर त्यांना लग्नकार्याला बोलावलं नाही. हे मला मिस्त्रींनी कधी सांगितलं नाही. थोरल्यानेच सांगितलं.

"जेवून झाल्यावर त्यानं वाकसावर हात ठेवला. म्हणे, हे भांडण आजपासून ह्या तोंडातून निंघणार नाई. तुमच्याबी निंघू देऊ नका. मंग आमी कोर्टात आपसात मिटलं म्हणून राजीनामा देल्ला."

"आणि ते चाडं?" वकीलसाहेब पुढे वाकले होते.

"ते पोलिसाईनं नेलतं. कोर्टातच असंन. आणाले कोण जाते?"

वकीलसाहेब खुर्चीतून उठलेच. फौजदारी खटल्याचा मुद्देमाल. त्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेवर कोर्टाचा शिक्का. आम्ही कागद शोधत गावं पालथी घालत होतो आणि कागद आमच्यापासून दोन फर्लांगांवर मालखान्यात पडला होता.

परवानगी काढून, कोर्टाचा माल सांभाळणाऱ्या नाझरसाहेबांबरोबर मी आत गेलो. कुऱ्हाडी, विळे, दारूचे डबे, एक सायकल, कुणाच्या तरी तुंबड्या. सगळ्यांच्या खाली ते सापडलं. एका काठाला उंदरांनी कुरतडलेलं. तारेने बांधलेली चिठ्ठी पिवळी पडली होती, पण शाई नीट वाचता येत होती. दीक्षेच्या वर्षीचा मृग. नाझरसाहेबांनी बोटाने रूळ ढकलला. "फिरतंय की हो अजून," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते रागावले. मी त्यांना रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. आमच्या ओसरीवर थोरल्यापुढे उभे राहून म्हणाले, "तू काहून आला इथं? म्या शब्द देल्ला होता."

"शब्द तू देल्ला होता. म्या फक्त जेवलो होतो," थोरला म्हणाला. "अन् डोस्कं माहं हाये. ते म्या कोणालेबी दाखवीन."

"गाव हासंन."

"हासू दे. तुह्यं चाडं बंद पडलं तं म्या कायच्यानं पेरू?"

धाकटा इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्रीबावा, मारलं म्या होतं. लाज वाटाची तं मले वाटू द्या." मिस्त्री खाली बसले. मग म्हणाले, "म्या नाई सांगणार. तुमी सांगा." त्यांनी शब्द मोडला नाही, आणि आम्हीही त्यांना मोडायला लावला नाही.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. गावोगावचे सुतार आले होते. कारखान्याचा वकील बाहेरून आलेला, इस्त्रीच्या कपड्यांत, आवाज गोड. मिस्त्री पिंजऱ्यात चढले आणि पहिलं काम म्हणजे त्यांनी कठडा हलवून पाहिला. न्यायाधीशांच्या भुवया वर गेल्या. मी मान खाली घातली.

"हा शोध तुमचा आहे का?" समोरच्या वकिलाने विचारलं.

"नाई जी."

त्याला इतक्या सोप्या विजयाची अपेक्षा नसावी. "मग कोणाचा?"

मिस्त्रींनी कोलामीण बाईची, तिच्या अंगठ्याची हकिगत सांगितली. अंगठा कसा फिरतो ते हवेत करून दाखवलं. न्यायाधीश लिहायचे थांबून बघत राहिले.

"म्हणजे शोध तुमचा नाही, हे तुम्ही कबूल करता."

"माहा नाई. पण यायचाबी नाई जी," मिस्त्री कारखान्याच्या माणसाकडे हात करून म्हणाले. कोर्टात हशा पिकला. मला ज्या उत्तराची धास्ती होती तेच आमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उत्तर ठरलं. वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा फाडलेला मसुदा आठवला.

मग थोरला भाऊ आला. मुद्देमालाचं चाडं त्याच्यापुढे ठेवलं. ओळखता का?

"वळखतो न. हे माह्या डोस्क्यात बसलं होतं." त्याने सावकाश रुमाल सोडला आणि मान खाली करून डोकं न्यायाधीशांकडे केलं. पांढऱ्या केसांतून बोटभर लांबीची वाट गेली होती. त्या जागी केस उगवले नव्हते.

"कोणी मारलं?"

"भावानं. तवा तो येडा होता." त्याने रुमाल पुन्हा बांधला. "म्याबी होतो."

समोरचा वकील हुशार होता. त्याने चाडं हातात घेऊन म्हटलं, हे ओबडधोबड लाकूड आणि आमच्या अशिलाचं यंत्र यांची तुलनाच होऊ शकत नाही. आमचे वकीलसाहेब याचीच वाट पाहत होते. ते शांतपणे उठले. "साहेब, मिस्त्री जे बनवतात ते आणि आपलं यंत्र एकच आहे, असं दाव्याच्या अर्जात वादीनेच म्हटलंय. एकच नसेल तर दावा कशाचा? आणि एकच असेल, तर ते हे समोर आहे, कोर्टाच्या चिठ्ठीसकट." समोरचा वकील बसला. त्यानंतर तो बोलला बरंच, पण उभा राहिला तो आधीसारखा नाही.

निकाल पुढच्या मृगाच्या आठ दिवस आधी लागला. दावा फेटाळला, मनाई उठली. मिस्त्रींनी मला दोनदा विचारलं, "बाकीच्या सुताराईवरबी नाई न मनाई?"

"कोणावरच नाही. आता हे कोणीही करू शकतो. तुमच्यासारखं, हुबेहूब."

"मंग निंघतो. एसटी भेटंन अजून."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. मला राहवेना. म्हटलं, मिस्त्री, खरं सांगा. एवढं सगळं करून तुमचं नाव कुठेच लागलं नाही, त्याचं काही वाटत नाही का? मला वाटलं ते हसून उडवतील. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"वाटते न," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू? एका पत्र्यावर आपलं नाव खिळलं असतं तं लेकराईले दाखवलं असतं." एसटीचा दरवाजा धरून ते मागे वळले. "पण नाव लागलं असतं तं ही मनाई म्या बाकीच्याईवर लावली असती. माह्या बेलिफानं त्याईचे रूळ उचलून नेले असते. ते मले पाहवलं नसतं जी."

त्या वर्षी त्यांनी किती चाडी केली ठाऊक नाही. त्यानंतर दोन-तीनदा ते ऑफिसात येऊन गेले. कामाचं निमित्त कधी नसे. माझ्या टेबलाचा हलणारा पाय त्यांनी नीट केला, तो आजही हलत नाही. मग एका हिवाळ्यात त्यांच्या गावचा माणूस नकलेसाठी आला आणि बोलता बोलता म्हणाला, मिस्त्री गेले. चार दिवसांच्या तापाने. तिरडी दोन्ही भावांनी बांधली, एवढंच त्याला माहीत होतं. त्या दिवशी माझ्या हातून एकही अर्ज धड लिहिला गेला नाही. वकीलसाहेबांनी दोन वाजताच ऑफिस बंद केलं.

पुढे काही वर्षांनी, साठचं दशक संपत आलं असेल, दुसऱ्याच एका दाव्यासाठी मी झरीकडे गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. झाडाखाली एक पोक्त सुतार तिफणी, डवरे, चाडी मांडून बसला होता. प्रत्येक चाड्यात फिरकी. काम चांगलं होतं, खाचा एकसारख्या. मी खाली बसलो आणि विचारलं, "हे कोणी काढलं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "काढलं म्हंजे?"

"म्हणजे ही फिरकी पहिल्यांदा कोणी बसवली?"

"पहिल्यांदा कोन बसवते जी? चाड्यात फिरकी असतेच. आमच्या आज्याच्याबी पहिलेपासून हाये."

मला एकदम इतका राग आला की त्याचं मला नवल वाटलं. त्याला खाली बसवून सगळं सांगावं, तो निंब, ते ताट, ती डोक्यावरची खूण, असं मनात आलं. तोंड उघडलंही. आणि मग आठवलं की हा माणूस बोलला ते अक्षरन् अक्षर आमचंच होतं. हे कोणा एकाचं नाही, हे आधीपासून लोकांचंच आहे. यवतमाळच्या कोर्टात शपथेवर, साक्षीपुराव्यासकट, आम्ही हेच सिद्ध केलं होतं. आम्ही इतकं पक्कं जिंकलो होतो की त्यात मिस्त्रींना उभं राहायलासुद्धा जागा उरली नव्हती.

"कोनतं देऊ?" सुताराने विचारलं.

मी बाभळीचं एक चाडं घेतलं आणि काखेत मारून एसटीकडे निघालो. गाडीत शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने विचारलं, औंदा किती वावर पेरता? माझ्याकडे वावर नाही. मी त्याला सांगितलं, पाहू, पाऊस कसा पडतो ते.